सायलेन्सरच्या नळीतले पत्र

मित्रांनो, माझ्या नळीत तीन वर्षे एक पत्र पडून होते. ते मला आलेले नव्हते. मला कोण पत्र लिहिणार? मी एका छोट्या मोटारीचा जुना सायलेन्सर, काढून ठेवलेला. ज्यांना ते आले होते त्यांनी ते वाचले, पुन्हा वाचले, गुंडाळले आणि माझ्या नळीत सारून ठेवले. उत्तर काही लिहिले नाही. ते पत्र सांभाळत मी अडगळीच्या खोलीत फळीवर पडून राहिलो.

आज तीच हकीकत तुम्हाला सांगायची आहे. नीट सांगता येईल की नाही, याची मला शंकाच आहे. उभा जन्म दुसऱ्याचा आवाज गिळण्यात गेला, स्वतःचा कधी काढला नाही. काही चुकलेमाकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पोलादी पत्रा यंत्राने गोल वळवला, त्याच्या कडा एकमेकींत अडकवून दाबल्या आणि माझे अंग तयार झाले. मग आत तीन कप्पे आले, त्यांतून आरपार जाणाऱ्या, अंगभर बारीक भोके असलेल्या दोन नळ्या आल्या आणि कडेने काचेची लोकर ठासून भरली गेली. शेवटच्या टेबलाशी एक बाई उभी असायची. ती प्रत्येक सायलेन्सरवर बोटाच्या पेराने टकटक करायची आणि कान देऊन ऐकायची. माझ्यावर टकटक करून तिने नुसती मान हलवली आणि मला पुढे सरकवले. माझे पहिले कौतुक ते तेवढेच, पण अजून आठवते.

माझे काम तुम्हाला ठाऊक नसेल, कारण मी कुणाच्या नजरेला पडत नाही. मोटारीच्या इंजिनात पेट्रोलचे सतत बार उडत असतात. तो धूर आणि तो दणका नळीवाटे मागे माझ्याकडे येतो. माझ्या भोकांतून शिरताना, कप्प्यांत फिरताना, लोकरीत रुतताना तो दमत जातो. तावातावाने भांडायला निघालेला माणूस तीन जिने चढून वर आला की कसा हळू बोलू लागतो? तसेच काहीसे. दणका आत यायचा तेव्हा इंजिन ओरडत असायचे. बाहेर पडायचा तेव्हा ते नुसते गुणगुणत असायचे.

ज्या घरी मी गेलो तिथे तीन माणसे होती. मी मोटारीच्या पोटाखाली टांगलेला, त्यामुळे मला चेहरे फारसे दिसले नाहीत. मी माणसे ओळखायचो ती पायांवरून आणि आवाजावरून.

बाबांचे बूट नेहमी पुसलेले असायचे आणि जपून पडायचे. ते मुद्रितशोधक होते. म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्याच्या कच्च्या प्रती तपासायच्या आणि कुठे ऱ्हस्वाचे दीर्घ झाले, कुठे काना राहिला, कुठे स्वल्पविराम हरवला ते लाल पेन्सिलीने दाखवायचे. स्वभाव इतका लाजाळू, की हॉर्न वाजवायचाही त्यांना संकोच वाटे. रस्त्यात कुत्रे झोपलेले असले तर ते गाडी थांबवून खाली उतरत आणि त्याला बाजूला होण्याची विनंती करत.

दुसरे पाऊल आत्याचे, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीचे. चपला फटफट वाजायच्या आणि आवाज त्याहून मोठा. तिला डाव्या कानाने काहीच ऐकू येत नसे, उजव्याने मन असेल तर. बाबांची बायको लवकर गेली, तेव्हापासून घर आत्यानेच चालवले होते.

तिसरे पाऊल लहान होते आणि धावत यायचे. ती बाबांची मुलगी. सहा वर्षांची असताना ती एकदा चेंडू काढायला गाडीखाली सरपटत आली. मी तेव्हा गार होतो. तिने माझ्यावर कान टेकला आणि ओरडून म्हणाली, "बाबा, आत कुणी राहतं?"

तिचे सगळे प्रश्न असेच असत. 'का' नाही, 'काय' नाही. वाक्य सरळ चालत यायचे आणि शेवटच्या अक्षरावर आवाज टुणकन वर जायचा.

"राहतं का, असं विचारावं," बाबा वरून म्हणाले. "प्रश्न आहे हे समोरच्याला कळायला हवं."

"मग राहतं?"

बाबा हसले. ते मोठ्याने हसत नसत. त्यांचे बूट थोडे मागेपुढे व्हायचे, एवढेच.

मी त्या घरी बारा वर्षे काम केले. चिखल अंगावर घेतला, रस्त्यातले उंचवटे पोटावर झेलले. दोनदा माझे रबर तुटले आणि तारेने बांधलेल्या अवस्थेत मी घरी आलो. दर सहा महिन्यांनी आम्ही उस्तादांच्या गॅरेजात जात असू. उस्तादांना 'मुद्रितशोधक' हा शब्द कधी म्हणता आला नाही. ते बाबांना सरळ 'मास्तर' म्हणत. मोटार वर उचलली की ते मला एक चापट मारायचे आणि म्हणायचे, "मास्तर, हा तुमच्यासारखाच आहे. आवाज नाही, तक्रार नाही."

बाबांच्या मुलीचे मन वहीपुस्तकांत कमी आणि त्या गॅरेजात जास्त रमायचे. पुढे शाळा संपवून ती रीतसर तिथे शिकायला जाऊ लागली. वेल्डिंगचा काळा चष्मा पहिल्यांदा लावला तेव्हा ती ठिणग्यांपासून मागे सरण्याऐवजी पुढे वाकली. त्या दिवसापासून उस्तादांनी तिचे नाव 'ठिणगी' ठेवले.

आमच्या घराच्या फाटकातून एक सरळ चढ वर जातो. त्याच्या टोकाला चौक आहे आणि चौकात टपाल कचेरी. आमच्या मोटारीचे इंजिन लहान. आत्या, सामान आणि बाबा एवढे ओझे घेऊन तो चढ चढताना तिला धाप लागायची. ठिणगीला ते बघवत नसे. तिने शोधून काढले, की दोष इंजिनाचा नाही. धूर बाहेर पडायची वाट अरुंद आहे, आणि ती मी अडवून बसलो आहे.

मित्रांनो, हे ऐकून मला वाईट वाटले. पण ते खोटे नव्हते. आवाज गिळायचा म्हणजे वाट थोडी अडवावीच लागते.

एका रविवारी सकाळी बाबा ओसरीत लाल पेन्सिल घेऊन बसले होते. ठिणगीने विचारले, "बाबा, गाडीचा सायलेन्सर बदलते?" बाबांनी मान वर न करता "हं" म्हटले. त्यांनी नक्की काय ऐकले, कोण जाणे.

माझे बोल्ट गंजले होते. तिने त्यांना तेल पाजले, दोन तास थांबली आणि मग पान्याला लोंबकळून ते सोडवले. मला खाली उतरवल्यावर तिने भंगारात टाकले नाही. फडक्याने पुसले, बाबांच्या टाकून दिलेल्या छापील कागदांत गुंडाळले आणि अडगळीच्या खोलीतल्या फळीवर, खिडकीशेजारी ठेवले. "हा परत लागेल," ती स्वतःशीच म्हणाली. त्या तीन शब्दांवर मी पुढची वर्षे काढली.

खिडकीतून मला तिचे काम दिसायचे. सरळ नळी आणायची, तिच्यात कोरडी वाळू ठासून दोन्ही तोंडे बुजवायची, मग तापवून वाकवायची. म्हणजे वळणावर नळी चेपत नाही. ठिणगी हे तासन् तास करत बसे. पहिली नळी तिने फार रुंद घेतली. आवाज दणदणीत झाला आणि मोटार चढावर मध्येच बंद पडली. उस्ताद मागून चालत आले आणि म्हणाले, की आवाज वाघाचा आहे पण ओढ शेळीची झाली. ती चिडली नाही. नळी रुंद केली की धुराचा वेग मंदावतो, हे ती त्या दिवशी शिकली. दुसरी नळी तिने बेताची घेतली आणि माझ्या जागी स्वतः बनवलेला एक बुटका, आरपार सायलेन्सर बसवला. त्यात ना कप्पे, ना अडथळे.

मोटार तो चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढली. मी खिडकीतून ऐकले. मनात हेवा दाटून आला, आणि खरे सांगायचे तर थोडा अभिमानही.

पण आवाज फार होता. खिडक्यांच्या काचा थरथरत. गाडीत बसले की एका ठरावीक वेगाला डोक्यात भुंगा शिरल्यासारखे होई. तो आवाज आवडणारी घरात एकच व्यक्ती होती, ती म्हणजे आत्या. आपल्या दारातली मोटार आपल्याला पहिल्यांदाच ऐकू आली, असे ती सगळ्यांना सांगत सुटली. शेजारच्या अकरा घरांनी मात्र सह्या करून तक्रारीचा कागद दिला. एकदा ठिणगीने बाबांना छापखान्यापाशी सोडले, तेव्हा सगळे कामगार खिडक्यांत येऊन उभे राहिले. बाबांना अंग चोरून आत जावे लागले. सगळ्यांनी आपल्याकडे वळून बघावे यापरते संकट त्यांना ठाऊक नव्हते.

समोरासमोर बोलणे त्यांना जमणारे नव्हते. त्यांनी एक चिठ्ठी लिहून स्टीअरिंगला लावली. 'हा आवाज घरापासून दूर गेला पाहिजे.' बस, एवढेच. त्या चिठ्ठीत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

ठिणगीने ती अंगणात उभी राहून मोठ्याने वाचली. आठवड्याभरात तिने लांबच्या शहरात, शर्यतीच्या मोटारी बनवणाऱ्या एका कारखान्यात काम धरले. जाताना मोटारीची किल्ली टेबलावर ठेवली. बाबा कपाटाशी पुस्तके नीट लावत उभे होते. ती लावलेलीच होती.

मोटारीवर कापड चढले. बाबा ती चालवेनात, आणि मला परत बसवून द्या असे उस्तादांना सांगेनातही. तिच्या हातचे काम उसकटायचे कसे, असे त्यांना वाटत असावे.

आठ महिन्यांनी पत्र आले. आत्या घरातला प्रत्येक खण उघडून बघते, म्हणून बाबा ते घेऊन अडगळीच्या खोलीत आले आणि माझ्याजवळ स्टुलावर बसले. छापखान्यात कागद मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती. वाक्य सपाट वाचायचे, विरामचिन्हेही उच्चारायची, म्हणजे एकही सुटत नाही. त्यांनी ते तसेच वाचले.

"मी बरी आहे पूर्णविराम. इथे शर्यतीच्या गाड्यांच्या नळ्या मीच बनवते पूर्णविराम. ओढ न घालवता आवाज कसा कमी करायचा ते मला आता येतं, स्वल्पविराम, तेव्हा येत नव्हतं पूर्णविराम. तुम्ही लिहिलं होतं तसा आवाज घरापासून दूर गेला आहे पूर्णविराम. आत्याचा कान बरा आहे पूर्णविराम." इथे ते अडखळले. मग शेवटची ओळ वाचली. "आता तुम्ही मला घरी बोलावणार नाही. पूर्णविराम."

मित्रांनो, मी तिचा आवाज बारा वर्षे ऐकला होता. ती ओळ कानी पडताच माझ्या पत्र्याला कळले, की शेवटचे अक्षर वर जाणार आहे. तो प्रश्न होता. पण वाक्य संपले की ठिपका द्यायचा, एवढेच तिला ठाऊक. वेल्डिंगचा टाका मारावा तसा. बाबांनी मात्र ठिपका पाहिला आणि ठिपका वाचला.

"बरोबर आहे तिचं," ते पुटपुटले. "मी कुठला बोलावणार?"

खिशातली लाल पेन्सिल त्यांनी काढली होती, पण ती पुन्हा खिशात ठेवली. निदान या पत्राला पेन्सिल लावायची नाही, असे त्यांनी मनाशी ठरवले. मुलीच्या लिहिण्यातली चूक त्यांनी जन्मात एकदाच काढली नाही, ती इथे.

मला ओरडून सांगावेसे वाटले. पण ओरडणार कशाने? मला बनवलेच होते गप्प बसण्यासाठी. बाबांनी पत्राची सुरळी केली, माझ्या नळीत सारली आणि ते निघून गेले.

त्यांनी उत्तर लिहायचा प्रयत्न केला नाही असे नाही. शेजारच्या खोलीतून कागद फाडल्याचे आवाज यायचे. ठिणगी आत्याला फोन करायची. आत्या ओरडून बोलायची, त्यामुळे तिची बाजू मला सगळी कळायची. बाबांविषयी विचारले की ती म्हणायची, "इथेच दाराआड उभा आहे, देऊ का?" आणि बाबांची पावले लगेच पुस्तकांच्या कपाटाकडे जायची.

अशी तीन वर्षे गेली. माझ्या शिवणीला गंज चढला. एका कोळ्याने माझ्या तोंडावर जाळे विणले. संध्याकाळी चढावरून दुसऱ्यांच्या मोटारी जायच्या, त्यांच्या सायलेन्सरांची गुणगुण ऐकत मी पडून राहायचो. पुन्हा एकदा तापावे, अंगातून गरम धूर वाहावा, रबराच्या कड्यांत झुलावे, एवढीच माझी इच्छा होती. आणि दुसरी एक होती. त्या सुरळीतली शेवटची ओळ कुणीतरी तिच्यासारखी वाचावी.

मग एके दिवशी सकाळी उस्ताद आले. ते गॅरेज बंद करून लेकाकडे राहायला निघाले होते. ठिणगीची गाडी उभी ठेवून आपण जाणार नाही, असे म्हणून त्यांनी बॅटरी बदलली, टाकीतले जुने पेट्रोल काढून नवे भरले, चाकांत हवा मारली. हात पुसता पुसता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कारखान्याने ठिणगीला समुद्रापलीकडे पाठवायचे ठरवले होते, चार वर्षांसाठी. ती पुढच्या सोमवारी निघणार होती.

बाबांचे बूट जागच्या जागी थांबले.

"घरी येऊन जाणार नाही का?" आत्याने विचारले.

"मीही तेच विचारलं," उस्ताद म्हणाले. "म्हणाली, बोलावलं तर येईन."

मग उस्तादांनी विषय बदलला. तो जुना सायलेन्सर परत बसवून देऊ की भंगारात घालू, असे विचारत ते खोलीत आले. माझे काळीज, असेल तिथे, धडधडले. त्यांनी मला उचलून हलवले. आत कागद खुळखुळला. त्यांनी नळीत बोट घालून सुरळी ओढली. शेवटची ओळ सुरळीच्या बाहेरच्या बाजूला आली होती. अक्षर ओळखीचे, गॅरेजात त्यांनी ते रोज वाचलेले. त्यांनी विचार न करता वाचून टाकले.

"आता तुम्ही मला घरी बोलावणार नाही?"

शेवटचे अक्षर टुणकन वर गेले, थेट तिच्यासारखे. मग दारात उभ्या असलेल्या बाबांकडे बघून ते म्हणाले, "मास्तर, मग काय उत्तर दिलंत?"

"उत्तर कसलं?" बाबा म्हणाले. "तिथे प्रश्न कुठे आहे?"

"प्रश्नच आहे की हा."

"पूर्णविराम आहे तिथे. नीट बघा."

"ती कधी देते ते आकड्यासारखं चिन्ह?" उस्तादांनी पिशवीतून तेलाचे ठसे उमटलेली एक वही काढली. बाबांमार्फत ती ठिणगीला पाठवावी म्हणून त्यांनी आणली होती. गॅरेजात गोंगाट फार, म्हणून ठिणगी विचारायचे ते वहीत लिहायची आणि उस्ताद खाली उत्तर लिहायचे. त्यांनी वही उघडून बाबांच्या हातात दिली.

बाबा वाचू लागले. पण सपाट वाचता वाचता त्यांचा आवाज अडखळत गेला. 'दोन इंची नळी चालेल.' खाली 'नाही.' 'चढावर ओढ कमी होईल.' खाली 'होईल.' 'बाबांना आवाजाचा त्रास होईल.' खाली 'त्यांनाच विचार.' 'जुना सायलेन्सर परत बसवता येईल.' खाली 'येईल. टाकू नकोस.'

वहीभर प्रश्न होते आणि प्रश्नचिन्ह एकही नव्हते.

"असं कसं?" बाबा म्हणाले. "तिच्या शाळेच्या वह्यांत प्रश्नचिन्हं होती. मला चांगली आठवतात."

"होती की," आत्या मागून म्हणाली. तिला नेमके तेवढे ऐकू आले होते. "तूच घालायचास."

बाबा स्टुलावर बसले. त्यांनी पत्र मागून घेतले आणि पुन्हा वाचले, या वेळी ओठांतल्या ओठांत. "'आत्याचा कान बरा आहे,'" ते म्हणाले. "तुझा कान कुठे बरा आहे? मला तेव्हाच कळायला हवं होतं."

"माझ्या कानाचं राहू दे. पोरीला फोन कर."

बाबा फोनपाशी गेले. रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला, आणि ठेवल्याचा. आत्याने मीच सांगते म्हटले, तेव्हा बाबांनी जे उत्तर दिले ते मी विसरणार नाही.

"नको, अक्का. तिने मला विचारलं आहे."

मग ते लिहायला बसले. एक कागद फाटला, दुसरा फाटला. दुपार झाली. वरच्या टपाल कचेरीतून शेवटची पिशवी चारला निघते. ती चुकली तर पत्र सोमवारच्या आत पोचणार नव्हते. आत्या दर पाच मिनिटांनी घड्याळ सांगत होती. पाऊण तास राहिला तेव्हा तिने कागद ओढूनच घेतला आणि उस्तादांना ऐकू जावे म्हणून वाचला. मला तर गल्लीच्या टोकालाही ऐकू गेला असेल असे वाटले.

'बाळ, शेवटच्या ओळीतला तुझा प्रश्न मला आज कळला. तीन वर्षे मी तो चुकीचा वाचत होतो. बोलावतो आहे. जाण्याआधी ये. मी दूर जा म्हटले ते गाडीच्या आवाजाला, तुला नव्हे. हे मी तेव्हा लिहायला हवे होते. आत्याचा कान होता तसाच आहे. बाबा.'

"आता हे पुन्हा सुधारत बसू नकोस," आत्या म्हणाली.

उस्तादांनी पुन्हा विचारले, जुना सायलेन्सर बसवायचा का. अर्ध्या तासात काम झाले असते. मी श्वास रोखला. बाबा माझ्याजवळ आले, माझ्या तोंडावरचे कोळ्याचे जाळे त्यांनी रुमालाने पुसले.

"राहू दे," ते म्हणाले. "ती आली की ठरवेल."

मित्रांनो, मला वाईट वाटले नाही असे कसे म्हणू? पण माझी नळी आता मोकळी होती, आणि मला हलके वाटत होते.

तुमच्या घरच्या मोटारीखालीही माझा एखादा भाऊबंद टांगलेला असेल. त्याचे रबर तुटले, त्याला भोक पडले, तर वेळेवर बघा. पण माझे खरे मागणे दुसरेच आहे. आपल्या माणसाचे एखादे वाक्य मनाला लागले, तर ते गुंडाळून ठेवू नका. एकदा त्या माणसाच्या आवाजात वाचून बघा. तरीही उमगले नाही, तर त्यालाच विचारा. विचारणाऱ्याला चिन्ह देता आले नाही, म्हणून त्याला उत्तर नको असते असे नाही.

बाबांनी पत्राचे पाकीट खिशात घातले आणि मोटारीची किल्ली फिरवली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी तो आवाज उठला, ठिणगीने घडवलेला. माझ्या फळीवरचा पत्र्याचा डबा थरथरला. शेजारच्या खिडक्या उघडल्या. हॉर्न वाजवायलाही लाजणारे बाबा तो गडगडाट घेऊन फाटकाबाहेर पडले आणि चढाला लागले. पहिला गिअर, दुसरा. मग तिसरा. ओढ कुठेही तुटली नाही. तो आवाज मी पूर्वी हेव्याने ऐकला होता. त्या दिवशी तो कमी होऊ नये असे मला वाटत होते.

आत्या आणि उस्ताद फाटकात उभे राहिले. आत्याला लांबचे दिसत नव्हते, म्हणून उस्ताद तिच्या उजव्या कानाशी सांगत होते.

"पोचले. गाडी चालूच ठेवली आहे, बंद पडेल म्हणून घाबरले असतील. सगळा चौक बघतोय त्यांच्याकडे."

"बघू दे," आत्या म्हणाली.

"पेटीपाशी उभे आहेत. आता काय करतायत? पाकीट डोळ्यांजवळ धरलंय."

"पत्ता तपासत असेल. दुसरं काय करणार तो?"

वर चौकात इंजिन एका लयीत घुमत होते. मी जेवढा कान देता येईल तेवढा दिला.

"टाकलं," उस्ताद म्हणाले.